वेल्सचा मी एका दुपारचा राष्ट्रपती

लंडनहून कार्डिफची गाडी धरली. लांबलचक बोगद्यातून बाहेर पडलो, तशा स्टेशनांवरच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागल्या. म्हटलं, दुसरं राज्य लागलं.

नात मीरा इथेच जन्मली, इथेच कायदा शिकते; मराठी बोलते, पण मोडकंतोडकं. तिनं मला कॉलेजच्या सभागृहात नेलं. पोरांनी खेळ मांडला होता : वेल्स फार पूर्वीच राजापासून सुटून प्रजासत्ताक झालं असतं, तर सत्ता कशी वाटली गेली असती? सभेनं कायदा करायचा, मंत्र्यांनी राबवायचा, कोर्टानं तपासायचा, राष्ट्रपतीनं सही करायची. मीरा सभापती. राष्ट्रपती होणारा पोरगा आलाच नव्हता.

"आजोबा, तुम्ही बसा ना. फक्त सही करायचा."

शाळा तिसरीत सुटली, पण सही माझी सुबक. सरपंचकी केलेला माणूस मी. बसलो ऐटीत.

चहा आणि 'बारा ब्रिथ' नावाचा तिथला मनुकांचा गोड पाव आला. पाव झकास, चहा पांचट. मागोमाग ठराव आला : शहराला पाणी हवं, म्हणून एक कुम (दरी) बुडवायची. दरीत एक गाव.

मी पेन खाली ठेवलं. आमचंही गाव असंच धरणात गेलं. सही कुणाची, ते आजवर कळलं नाही.

"नाही करत!"

"एकदाच परत पाठवता येतं, आजोबा. तुमचा पॉवर तेवढाच आहे."

ठराव फिरून आला. मी ढिम्म.

"साईन इट, मिस्टर प्रेसिडेंट!" मागून एकजण ओरडला.

"त्याला सांग, आधी त्या दरीत घर बांधून राहा. मग करतो."

मीरानं सांगितलं. सभागृह हसलं. राष्ट्रपतीला काढायचं का, यावर मतं घेतली. समसमान पडली. आता निकाल सभापतीच्या हातात. मीरानं माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

मी टोपी सारखी केली, उठलो. माझ्या खुर्चीत दुसरा पोरगा बसला, त्यानं सही केली.

बसमध्ये ती म्हणाली, "आजोबा, रागावला का? पण तो रूल होता."

"गाव बुडवलंस, त्याचा राग आहेच. पण तोंडासमोर हात वर केलास, ते आवडलं."

परत आल्यावर पुनर्वसन वसाहतीच्या पारावर सगळे जमले. "काय पाहिलंत तिकडे, अण्णा?"

म्हटलं, "आपलं गाव कुणी बुडवलं, मला ठाऊक नाही. तिथली दरी कुणी बुडवली, ते एकेकाचा चेहरा आठवून सांगतो. त्यात माझी नात आहे. माझी सही मात्र नाही."