सर्टिफाइड नाक आणि फ्राऊ लिनचा टोफू

आम्ही चौघं हिंटरहोफमध्ये, म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगणात, एका रांगेत उभे होतो. कोणी बोलत नव्हतं. दर दहा सेकंदांनी चौघं एकदम नाक वर करून हुंगायचो आणि हातातल्या टॅबवर बटण दाबायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हे थोडा वेळ पाहिलं आणि पोलिसांना फोन केला.

दोन पोलीस आले.

"काय चाललंय?"

"वास घेतोय," मी म्हणालो.

"कशाचा?"

"ते अजून ठरायचंय."

त्यातल्या एकाने ओळखपत्र मागितलं. मी कंपनीचं कार्ड दिलं आणि सोबत माझं सर्टिफिकेट. त्यावर असं आहे की धारकाचं नाक तपासलं असून ते सर्वसाधारण आहे. खाली शिक्का. पोलिसाने ते दोनदा वाचलं, माझ्या नाकाकडे पाहिलं, पुन्हा शिक्क्याकडे पाहिलं. मग टोपी सरळ केली आणि म्हणाला, "वाइटरमाखेन." चालू द्या.

मी हॅम्बर्गमधल्या एका लहान इंजिनिअरिंग ऑफिसात आहे. आमचं काम वासाचं. डुकरांचे गोठे, खताचे कारखाने, भाजलेल्या कॉफीचे कारखाने, हॉटेलं. लोकांना वाटतं यासाठी यंत्र असेल. यंत्रं आहेत, पण यंत्राला हवेत काय आहे ते कळतं. शेजाऱ्याला त्याचा त्रास होईल का, हे त्याला कळत नाही. म्हणून माणसाचं नाक. त्याचीही परीक्षा असते. ब्युटॅनॉल नावाचं रसायन पातळ करत करत हुंगायला देतात. फार लवकर ओळखलं तर नापास. फार उशिरा ओळखलं तरी नापास. नाक सामान्य नागरिकाचं हवं.

ऑफिसातला माझा पुण्याचा मित्र जोशी नापास झाला. बाटली कपाटात होती, कपाट पलीकडच्या खोलीत होतं, आणि हा म्हणाला, "आला!" मी मालवणचा. सुकत घातलेल्या बोंबलांच्या छायेत वाढलो. माझं नाक केव्हाच मेलंय अशी घरच्यांची खात्री होती. पण मी बरोबर मधे आलो. आयुष्यातल्या कुठल्याही परीक्षेत मी एवढा नेमका पास झालेलो नाही.

तर अंगणातलं प्रकरण असं. बार्मबेक भागात एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर फ्राऊ लिन, म्हणजे लिनबाई, यांचं तैवानी रेस्टॉरंट आहे. सहा टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं, भिंतीवर पदार्थांचे फोटो. नूडल सूप, भातावर घातलेलं मटण-बिटण सगळं आहे. पण लोक येतात ते आंबवलेल्या टोफूसाठी. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. ते आंबवलेल्या भाज्यांच्या पाण्यात मुरवायचं आणि तळायचं. तळताना जो वास सुटतो त्याला तैवानी लोकही स्वतःच दुर्गंधी म्हणतात, आणि अभिमानाने म्हणतात.

चौथ्या मजल्यावर हेर क्र्युगर, म्हणजे श्रीयुत क्र्युगर, राहतात. निवृत्त शिक्षक. त्यांनी हाउसफेरवाल्टुंगकडे, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडे, वासाची तक्रार केली. कंपनीने आम्हाला नेमलं. फ्राऊ लिन यांचा भाडेकरार संपत आला होता. आमचा रिपोर्ट वाईट आला तर अट अशी की एक तर टोफू जाईल, नाहीतर करार.

मी त्यांना विचारलं, "टोफू बंद केलात तर?"

त्या टेबल पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या नाहीत. "तर मीही बंद. नूडल्स सगळीकडे मिळतात, हेर रेडकर. टोफूसाठी लोक ब्रेमेनहून येतात. ट्रेन बदलून."

हुंगण्याचा नियम साधा आहे. ठराविक वेळ उभं राहायचं, ठराविक अंतराने हुंगायचं. दहातल्या एकाहून जास्त वेळा वास आला की तो तास वासाचा तास धरतात. त्या दिवशी कॉफी नाही, लसूण नाही, आफ्टरशेव्ह नाही. आम्ही दुपारी उभे राहिलो. आत गर्दी, कढई धडधडतेय, टोफूवर टोफू तळला जातोय. अंगणात? जवळजवळ काही नाही. कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींचा साबण.

मग आम्ही रात्री आठनंतर उभे राहिलो. अर्धी टेबलं रिकामी. आणि वास! तीन कबुतरं माना खाली घालून, चालत अंगणाबाहेर पडली. उडायचं त्राण नव्हतं त्यांच्यात. भिंतीवरच्या वेलीने पानं भिंतीकडे वळवून घेतली. आमच्यातला तरुण टीमो बटण दाबायचं विसरून नुसताच टॅबला टेकून उभा राहिला.

आमच्या बॉस फ्राऊ पेटरसन यांनी आकडे पाहिले.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या. "स्पष्ट आहे. लिहून टाका."

"आकडे उलटे आहेत," मी म्हणालो. "गर्दीत वास नाही आणि शांततेत वास?"

"रिपोर्टात कारण विचारलेलं नाही. वास आहे का, एवढंच विचारलंय."

"मला एक आठवडा वेळ द्या."

"कशासाठी?"

"जेवायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अर्थातच जर्मन पद्धतीने. पण वेळ दिला.

शुक्रवारी संध्याकाळी मी बायकोला, माधवीला, आणि सासूबाईंना घेऊन तिथे गेलो. सासूबाई नाशिकच्या, पक्क्या शाकाहारी, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. जर्मनीत व्हेजिटेरियन सांगितलं की कुठे कुठे मासा येतो, हे त्यांनी दोन महिने सोसलं होतं. मी फ्राऊ लिनना म्हणालो की या मांस-मासे खात नाहीत.

त्या म्हणाल्या, "ठीक. कांदा-लसूण चालतो का त्यांना?"

मी मराठीत सांगितल्यावर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तैवानमध्ये बौद्ध शाकाहारी लोक कांदा-लसूण खात नाहीत, हे मला नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, "महेशराव, या देशात मला हे विचारणारी ही पहिली बाई. तिला सांगा, माझा चातुर्मास आहे."

"तिला चातुर्मास कसा सांगू, आई?"

"सांगा हो, कळेल तिला."

सांगितलं. कळलं. फ्राऊ लिन गंभीरपणे मान हलवून आत गेल्या आणि कांदा-लसणाशिवायच्या एवढ्या बशा घेऊन आल्या की शेजारचं टेबल जोडून घ्यावं लागलं. मशरूम, कोबी, भोपळा, तिळाच्या तेलातल्या शेवया. आणि मधोमध तो. बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत, बाजूला आंबट कोबी आणि लाल चटणी.

माधवीने स्टूल मागे सरकवलं. "मी नाही. हा मोज्यासारखा वास आहे."

सासूबाईंनी चॉपस्टिक बाजूला ठेवून हातानेच एक तुकडा उचलला. खाल्ला. दुसरा खाल्ला. "वासावर जाऊ नका हो महेशराव. चव बघा."

"आई, मला पगारच वासाचा मिळतो."

"मग पगारापुरता घ्या, आणि नंतर जेवा."

मी जेवलो. किती जेवलो ते विचारू नका. चौथी बशी आली तेव्हा आठ वाजून गेले होते आणि शेजारच्या टेबलावरचे ब्रेमेनवाले टाळ्या वाजवत होते. सासूबाई पाचवीला नको म्हणाल्या नाहीत, पण पदराने डोळे टिपत होत्या.

"डोळे चुरचुरतायत हो. पण हात थांबत नाही."

"आणि माझा कोट!" माधवी म्हणाली. "सोमवारी मीटिंग आहे माझी. मीटिंगमध्ये सगळे माझ्यापासून दूर बसतील."

तेव्हा माझं लक्ष वर गेलं. स्वयंपाकघर उघडंच होतं, समोर दिसत होतं. शेगडीवर मोठी चिमणी, म्हणजे धूर ओढणारा पंखा. कढईतली वाफ चिमणीपर्यंत जात होती, आत डोकावत होती, आणि बंद दुकानासमोरून परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखी निवांतपणे टेबलांकडे येत होती. चिमणी ओढतच नव्हती.

घरी गेल्यावर मी बॉसना फोन केला.

"फ्राऊ पेटरसन, मला नेबेलमशीन हवंय." हे पार्ट्यांमध्ये स्टेजवर धूर सोडतं ते यंत्र.

"कोणाचा वाढदिवस?"

"तपास आहे."

सोमवारी टीमो यंत्र घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. मी हेर क्र्युगर यांच्या बाल्कनीत. ते सत्तरीचे, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात डेसिबल मोजायचं यंत्र. स्वतःचं.

"मी पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं," त्यांनी ओळख करून दिली. "मला वाऱ्याची दिशा सांगायची गरज नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. "म्हणूनच तुमच्याकडे आलो."

मी टीमोला फोनवर सांगितलं, "पंखा फुल. धूर सोड."

छतावरच्या पाइपातून पांढरा धूर सुटला आणि सरळ वर गेला. भाल्यासारखा. ढगांना टोचला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. बाल्कनीत काही नाही.

"आता पंखा रात्री आठनंतर ठेवतात तिथे ठेव."

टीमो खाली फ्राऊ लिनना विचारताना ऐकू आला. मग खट्ट आवाज. धूर पुन्हा आला, पण या वेळी पाइपाच्या तोंडावरच थबकला. मग आळोखेपिळोखे देत खाली वाकला, कौलांवरून घसरला, पन्हळीवर क्षणभर बसला आणि तिथून पाळीव मांजर घरी यावं तसा सरळ हेर क्र्युगर यांच्या बाल्कनीत शिरला. पौराणिक नाटकात देव प्रकट होतात तसे हेर क्र्युगर कमरेपर्यंत धुरात उभे होते. हातात डेसिबलचं यंत्र.

हे समजायला फिजिक्स लागत नाही. पिचकारी जोरात दाबली तर पाणी लांब जातं. हळू दाबली तर आपल्याच पायांवर. पंखा जोरात असला की वास वर फेकला जातो आणि वरच्या वाऱ्यात विरतो. पंखा एक नंबरवर असला की वास घरीच राहतो, आणि या इमारतीत घर म्हणजे चौथा मजला.

मी खाली आलो. "फ्राऊ लिन, आठनंतर पंखा एकवर का?"

त्या हातातला झारा पुसत राहिल्या.

"फ्राऊ लिन, रिपोर्ट मला उद्या द्यायचाय. तुमचं रेस्टॉरंट त्यात आहे."

"गेल्या वर्षी हेर क्र्युगर आले होते," त्या शेवटी म्हणाल्या. "रात्री पंख्याचा आवाज होतो म्हणाले. फार नम्रपणे. सफरचंदाचा केक आणला होता. दोन तुकडे."

"मग हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"केक खाल्ला होता ना."

खाल्ल्या केकला जागल्या. त्यासाठी दुकान जायची वेळ आली तरी.

पण अडचण अशी की हे त्यांचं म्हणणं. रिपोर्टात म्हणणं चालत नाही. हाउसफेरवाल्टुंगचा माणूस दुसऱ्या दिवशी अंगणात आला आणि हेच म्हणाला. "भाडेकरू पंखा नीट चालवत नाही. हा तिचा दोष. करार वाढणार नाही." हेर क्र्युगर शेजारी उभे. फ्राऊ लिन दारात. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी क्र्युगर यांच्याकडे बघत होतो. ते गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच संपलं असतं, आणि वासही.

त्यांनी घसा साफ केला. इतक्या मोठ्याने, की सर्वसाधारण कानालाही त्रास व्हावा.

"ते बरोबर नाही," ते म्हणाले. "पंखा हळू करायला मी सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी आठनंतर कधीही जोरात चालवलेला नाही. एकदाही नाही." मग थोडं थांबून, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, पंखा दुरुस्त झाला."

"म्हणजे तुमची तक्रार मागे?" माणसाने विचारलं.

"मुळीच नाही. आवाज खरंच जास्त होता. माझा आकडा बरोबर होता."

"मग तुम्हाला काय हवंय, आवाज की वास?" मी विचारलं.

"दोन्ही नको."

"मग पाइप बदलावा लागेल. आणि पाइप इमारतीचा आहे, भाडेकरूचा नाही."

हाउसफेरवाल्टुंगच्या माणसाने तेव्हा जो चेहरा केला, तो मी अजून जपून ठेवलाय.

शाल्डॅम्फर बसवला. म्हणजे आतून मऊ अस्तर असलेला जाड पाइप. हवा जाते, आवाज अस्तरात अडकतो. वरचं तोंडही थोडं उंच आणि निमुळतं केलं. आम्ही चौघं पुन्हा अंगणात रात्री उभे राहिलो. पंखा फुल, आवाज नाही. टीमोने एकदाच बटण दाबलं, ते कोणाच्या तरी बाल्कनीतल्या सिगारेटला. रिपोर्ट गेला, भाडेकरार वाढला, टोफू राहिला. सासूबाई परत जाईपर्यंत आठवड्यातून तीनदा तिथे जेवल्या. चौथ्यांदा जायला माधवीच्या कोटाने नकार दिला, म्हणून.

हेर क्र्युगर यांनी नंतर मला फोन केला. आता एवढी शांतता झाली आहे की पलीकडच्या घरातलं घोरणं ऐकू येतं, त्याबद्दल आमचं ऑफिस काही करू शकेल का? मी सांगितलं, आम्ही फक्त वासाचं बघतो.

तेव्हापासून कुठल्याही कामावर गेलो की मी टॅब काढायच्या आधी तक्रारदाराला एक प्रश्न विचारतो. याआधी तुमची कशाबद्दल तक्रार होती, आणि ती कोणी ऐकली? निम्म्या वेळा नाक वापरावंच लागत नाही.