सोफ्यात रुतलेले अण्णाप्पा

मंगळवार पेठेतल्या अण्णाप्पा मगदुमांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकानं मिरची मागितली, तर "तुझ्या रानात वांगीच येत्यात" म्हणून वांग्याचं पाकीट हातात ठेवणारा माणूस. तो डॉक्टरांचं काय ऐकणार?

खुब्याचा सांधा बदलून ते घरी आले, तेव्हा बायकोनं, राजमतीनं, घर आधीच आवरून ठेवलं होतं. जाजम गुंडाळलं, टीव्हीची वायर भिंतीकडं सरकवली, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. बसताना गुडघे खुब्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं; म्हणून हात असलेली खुर्ची सुताराकडून ठोकळे मारून उंच केली.

"एवढ्या वर बसून काय गोफण फिरवू?" अण्णाप्पा गुरकावले.

वॉकरची तर त्यांना लाजच वाटायची. एके सकाळी मौलाली भेटायला येतोय असं कळलं. मौलाली म्हणजे पलीकडच्या गल्लीतला शिलाई मशीन दुरुस्त करणारा, शाळेपासूनचा दोस्त. राजमती "नको हो" म्हणेपर्यंत अण्णाप्पांनी वॉकर पडद्यामागं ढकलला आणि खोलगट सोफ्यात बसलेसुद्धा.

"अण्णा, तू तर टकाटक हायस की!" मौलाली म्हणाला.

"मग! ऑपरेशन झालंय हे कुणाला खरंच वाटत न्हाय."

चहा झाला, मौलाली उठला. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचा अण्णाप्पांचा रिवाज. त्यांनी जोर लावला, पण सोफा काही सोडेना.

"बस की! गडबड काय हाय?"

दुसरा चहा आला. मग पोहे. मग शाळेतल्या मास्तरांच्या छड्या निघाल्या. राजमती हसू दाबून कपबश्या उचलत होती.

मौलाली पुन्हा उठला, तेव्हा त्याला दोस्ताच्या कपाळावरचा घाम दिसला. "खरं सांग अण्णा. उठता येत न्हाय व्हय?"

"न्हाय," अण्णाप्पा पुटपुटले. "आन् लघवीला लागलीया."

मौलाली हात धरून ओढणार, तोच राजमती ओरडली, "भाऊजी, वढू नका! सांधा निखळंल." तिनं वॉकर आणून समोर ठेवला. "अहो, आधी कडंला सरका. ऑपरेशनचा पाय पुढं. पुढं वाकू नका. आता दोन्ही हातांनी सोफा खाली रेटा."

अण्णाप्पा मुकाट ती सांगेल तसं करत उठले.

"वहिनी, तुमच्या लग्नात बी मी होतो," मौलाली म्हणाला, "पण ह्यानं तुमचं ऐकलेलं आज पैल्यांदा बघितलं."

तेव्हापासून अण्णाप्पा उंच खुर्चीत बसतात. चूक कबूल? छे! उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला वॉकर कसा धरायचा ते शिकवतात. मौलालीच्या बायकोचं, मेहरुन्निसाचं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तसा त्यांना चेवच आला. गालिचा काढ, न्हाणीत दिवा लाव, खुर्ची उंच कर, असे फोनवर फोन सुरू झाले.

अखेर मौलालीनं राजमतीला फोन लावला. "वहिनी, ह्याला आवरा की! आता आमचं मांजर पायात यील म्हणून त्याला बी घराभाईर काढ म्हणतोय."

"भाऊजी," राजमती म्हणाली, "मांजराचं मातर त्यांचं खरं हाय."