सदतीस नंबरचं पाखरू

टेम्पो दारात उभा होता आणि हौसा, माझी बायको, कोपरापर्यंत हात चिखलात घालून चुलीमागचा कोनाडा लिंपत बसली होती. मी खेकसलो, "घर सोडून चाललोय, आता कशाला लिंपतीस?"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "सोडून न्हाई, कुलूप लावून चाललोय. फट ठेवली तर विंचू ऱ्हायला येत्याल."

ड्रायव्हरनं हॉर्न लावला तवा ती उठली. हात पदराला पुसले आन् टेम्पोत ट्रंकेवर जाऊन बसली, गावाकडं तोंड करून. निमोणं दिसायचं बंद झालं तरी तिनं मान वळवली नाही.

नव्वद सालाच्या पुढंमागची गोष्ट. आमचा प्रकाश दौंडला रेल्वेत लागला, क्वार्टर मिळाली. "आबा, दोघंच तिथं काय करता?" म्हणाला. हौसाला यायचं नव्हतं. मला मात्र घाई झाली होती, खोटं कशाला बोलू. माझी चित्रं मुळात दौंडचीच.

गावात राहिलेल्यांना माझा नाद माहीत आहे. जे लवकर बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. माझा मामा इंग्रजाच्या वेळी दौंडला गाडीचे डबे धुवायचा. साहेब लोकांच्या सिगारेटच्या पाकिटातून एकेक चित्र निघायचं. जाड कागद, पत्त्यापेक्षा लहान, पुढं पाखरू, मागं इंग्रजी मजकूर आणि नंबर. साहेब ते खाली टाकायचा, मामा उचलून माझ्यासाठी आणायचा. मी तिसरीपर्यंत शिकलो. मागचा मजकूर मला जन्मात वाचता आला नाही, पण इंग्रजी आकडे त्या चित्रांवरच शिकलो. एक ते पन्नास. मामा गेला, मग जुन्या बाजारातून, कुणाला डबल असलेलं देऊन, अशी निम्मी उमर घालवून पन्नास पुरी केली. पुढं काडेपेटीचे छाप जमवले, बबलगममधले क्रिकेटवालेही जमवले. पण जीव पाखरांवर. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून चुलीमागच्या त्याच कोनाड्यात ठेवायचो, कुणाला हात लावू द्यायचो नाही.

दौंडला उतरल्याबरोबर सामान लावायच्या आधी डबा उघडला. एकोणपन्नास. सदतीस नंबर नाही. डोक्यावर तुरा असलेलं पाखरू. सगळी ट्रंक उलटी केली, टेम्पोवाल्याला शिव्या दिल्या, आणि सगळ्यात जास्त हौसाला बोललो, तुझ्या लिंपण्यापायी धांदल झाली म्हणून. दोन दिवसांनी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "कोनाड्याच्या फटीत सरकलंय ते. मी बघितलंय. चला निमोण्याला, काढून देते."

"डबा काढताना कोनाडा मी हात फिरवून बघितलाय. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तुला काय दिसतंय?"

"मोतीबिंदू मला, आन् चित्र हरवलं तुम्ही."

मी गेलो नाही. दौंडात दुसरं मिळेल असं डोक्यात घेतलं. आठवड्याचा बाजार, रद्दीची दुकानं, स्टेशनमागच्या जुन्या बंगल्या, सगळं पालथं घातलं. एका बंगलीत रिटायर झालेला ख्रिश्चन गार्ड राहायचा. त्याच्याकडं असल्या चित्रांचा अल्बम होता. मी जायचो, तो चहा द्यायचा आन् दर खेपेला म्हणायचा, "आबा, थर्टी सेवन आएगा. वेट करो." मी घरी आलो की हौसा विचारायची, "झाला का तुमचा वेट?"

क्वार्टरमध्ये तिचं मन लागलं नाही. गॅस एका मिनिटात पेटायचा, नळ दारात होता, तरी ती दिवसभर इकडून तिकडं फिरायची. सिमेंटच्या भिंतीला लिंपायचं तरी काय. पण गावाला न्या असं तिनं एकदाही म्हटलं नाही. म्हणायची ती एवढंच, "तुमचं चित्र काढून द्यायचंय." मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली की, गार्ड पुण्याला गेलाय, येऊ दे. निमोणं काही परदेशात नव्हतं. न्हावऱ्याला गाडी बदलली की आलं. जवळच्या शिरूरला दोन लग्नांना गेलो, तिथूनच मागं फिरलो.

असं करत दहा वर्षं गेली. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तवाही म्हणाली, "चित्र काढून द्यायचं राहिलं की हो." मी म्हणालो, "मरू दे ते चित्र." तोंडातून तेच निघालं. चार दिवसांत ती गेली.

तवापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळी उठून स्टेशनवर जातो, बाकावर टेकतो, गाडी आली की उठतो. घरी येतो, चप्पल काढायच्या आत परत बाहेर. गार्ड पोरीकडं ऑस्ट्रेलियाला गेला, अल्बम घेऊन. तोही तिकडं असाच उठबस करत असंल.

गेल्या महिन्यात डबा पिशवीत टाकला आणि एकटाच एसटीत बसलो. घराचं कुलूप उघडंना. शेजारचा भिका तेल घेऊन आला. "आबा, कुलपानं वळखलं न्हाई वाटतं तुम्हाला," म्हणाला.

आत जाऊन थेट कोनाड्यात हात घातला. फट नव्हती. फट असणारच कशी, माझ्या डोळ्यांदेखत तिनं बुजवली होती. वाळलेल्या मातीत तिची चार बोटं तशीच उठलेली. म्हणजे चित्र असलंच तर त्या मातीच्या आत. दिसलं आणि तिनं मुद्दाम वरून लिंपलं. नाहीतर चित्र तिथं नाहीच, आणि जन्मात माझ्याशी खोटं न बोललेली बाई दहा वर्षं एकच खोटं बोलत राहिली, मी तिला घरी आणावं म्हणून. माझ्यासारख्या माणसापुढं तिला घराचं नाव काढता आलं नाही, चित्राचं काढावं लागलं.

कोपऱ्यातलं खुरपं घेतलं. एक टवका उडवला असता तर कळलं असतं. पण आधी तिची बोटं फुटली असती. खुरपं जागेवर ठेवलं. डबा कोनाड्यात ठेवला, कुलूप लावलं आन् दौंडला आलो.

प्रकाशनं रिकामी पिशवी बघितली. "आबा, डबा कुठाय?"

"निमोण्यात राहिला."

"तुमचा डबा? आन् राहिला?" त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. "बरं, आणतो मी."

"तुला घावायचा न्हाई. मलाच जावं लागंल."

"मग दिवाळी झाल्यावर जाऊ की."

"दिवाळी न्हाई," मी म्हणालो. "सोमवारी."