उशीखालच्या गोळ्या

मोरीच्या उंबऱ्याला टेकून माझी नात बसली होती आणि रक्त तिच्या टाचांपर्यंत आलं होतं. ओठ पांढरेफटक. हाक मारली तरी ओ देईना. मला मात्र तिच्या हनुवटीवरचे दोन-चार राठ केसच दिसत होते. तशी हनुवटी मी आधी एकदा पाहिली होती.

ती माझ्या धाकट्या बहिणीची. आमचं गाव हदगावजवळ. चौदाव्या वर्षी तिला मिशी फुटली, हनुवटीवर केस आले. पाळी चार-चार महिने यायची नाही आणि आली की थांबायची नाही. विटाळ सुटेना म्हणून आईनं तिला गोठ्याशेजारच्या खोपटात बसवलं. शिवायचं नव्हतं. मी भाकर दुरून सरकवायची. एके सकाळी आदल्या दिवशीची भाकर तशीच होती.

नात लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीला होती. तिला रांधून घालायला मी तिच्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होते. त्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी वाकळ उन्हात टाकताना तिच्या उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. शेजारच्या खोलीत रेणापूरची एक बाई होती, तीही लेकीसाठीच राहिलेली. तिनं पाकीट वाचलं.

"मावशी, ह्या तर पाळणा लांबवायच्या गोळ्या हायत. पोरगी अभ्यासच करती ना?" म्हणाली आणि हसली.

संध्याकाळी नात आली तशी मी तिच्या थोबाडीत दिली.

"कोण हाय त्यो?"

"कोणी न्हाई, आज्जी. नांदेडच्या डॉक्टरीणबाईनं दिल्यात. पाळीसाठी, आन् हे केस कमी व्हावेत म्हणून. आईला इचार."

"लगीन न झालेल्या पोरीला असल्या गोळ्या कोणती डॉक्टरीण देती गं?"

गोळ्या मी मोरीत ओतल्या. सुनेला फोन केला नाही. सून माझ्यापासून लपवते, याचाच राग जास्त होता.

तीन दिवसांनी नातीची पाळी आली. मी रिवाजाप्रमाणे तिचं अंथरूण कोपऱ्यात घातलं आणि ताट दुरून सरकवू लागले. ती माझ्याशी बोलत नव्हती. किती जातंय ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी पाहिलं तर सकाळचं ताट तसंच होतं.

मी उठले, मोरीकडे धावले आणि तिला शिवले.

रेणापूरच्या बाईनं रिक्षा आणली. दवाखान्यात रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या.

"गोळ्या मध्येच कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्या."

"आज्जी, बाप्याच्या अंगात जे द्रव्य असतं ते बाईच्याही अंगात थोडं असतं. हिच्या अंगात ते जास्त झालंय. त्यानं पाळी बिघडते, केस येतात. त्या गोळ्या त्याच्यावरच होत्या."

मला आणखी विचारायचं होतं, ज्या पोरीला अशी गोळी कधी मिळालीच नाही तिचं काय. पण उत्तर मला ठाऊक होतं.

पुढं डॉक्टरांच्या सांगण्यावरून तशाच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. जेवण झालं की मीच तिच्या हातावर गोळी ठेवते. ती माझ्याकडे न बघता गिळते. हनुवटीवरचे केस बारीक होत चालले आहेत. बहीण मात्र त्या मोरीच्या उंबऱ्यावरून उठत नाही. मी भांडी घासायला बसते तेव्हा ती तिथंच असते.

बहीण पंधराव्या वर्षी गेली. नात जगली.