पदवीपुरता बटलर

चष्म्याच्या दुकानात तपासणीच्या तक्त्यासमोर कुणी अडखळलं, की काउंटरमागून आवाज यायचा, "दिसत नाही की वाचता येत नाही, ते आधी ठरवू या." हा आवाज प्रोफेसरांचा. त्यांनी जन्मात एक वर्ग शिकवला नव्हता. पण इंग्रजी भाषा आणि वाङ्मयाचे पदवीधर म्हणून अख्खी गल्ली त्यांना याच नावाने हाक मारायची, आणि त्यांनीही गल्लीला कधी निराश केलं नाही. चष्म्याची काच पुसतानासुद्धा ते असे उभे राहत, जणू समोर पाचशे श्रोते बसले आहेत.

कुणाची रजा, कुणाची नळजोडणी, कुणाच्या मुलाची शिफारस, सगळे अर्ज त्यांच्याकडून इंग्रजीत लिहून जायचे. विषय कुठलाही असो, उघडणारा पडदा एकच: 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट'. शेजारच्या न्हाव्याने एकदा भटक्या कुत्र्याविरुद्ध तक्रार लिहून घेतली, तर त्यात कुत्रासुद्धा ड्यू रिस्पेक्टने भुंकत होता. घरात वाद अंगाशी आला की ते म्हणायचे, "याची खोली मूळ इंग्रजीतच कळते." त्यावर त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "मग मूळ इंग्रजीतच ऐका, गॅस संपलाय!"

सगळं ठीक चाललं होतं. खोट एवढीच होती, की प्रोफेसर पदवीधर नव्हते.

पेपर सगळे सुटले होते, तेही बऱ्यापैकी गुणांनी. पण त्यांच्या विभागाचा एक नियम होता. पदवी हवी तर शेवटच्या वर्षी एक लांबलचक निबंध लिहा, नाहीतर विभागाच्या इंग्रजी नाटकात भूमिका करा. निबंधासाठी वाचावं लागतं, म्हणून त्यांनी नाटक घेतलं. सैनिकाचं काम होतं. प्रयोगाच्या संध्याकाळी रंग लावून झाला, कमरेला लाकडी तलवार आली, आणि पडद्याच्या फटीतून त्यांनी भरलेलं सभागृह पाहिलं. विंगेत उभं असताना पोटात गोळा आला नाही असा नट अजून जन्मायचाय, आणि जन्मला तर तो नट नव्हे. फरक इतकाच, की बाकीचे तो गोळा घेऊन रंगमंचावर जातात. प्रोफेसर तो घेऊन मागच्या दाराने थेट बसथांब्यावर गेले. तलवारीसकट.

पुढे लग्न झालं, दुकान झालं, आणि प्रमाणपत्र "घर बदलताना गहाळ झालं". हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते गहाळ झाल्याची त्यांना स्वतःला हळहळ वाटू लागली होती.

गोष्ट बिघडली ती मुलीमुळे. वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून ती त्याच विभागात शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तिने भूमिकेऐवजी नाटक बसवायचं काम घेतलं होतं. पदवीसाठी तेही चालायचं. आणि यंदा विभागाने ठरवलं, की पदवीदान समारंभात दोन पिढ्या पदवीधर असलेल्या घरांचा सत्कार करायचा.

"बाबा, आपलं नाव मी दिलंसुद्धा!" ती धावतच दुकानात आली. "फक्त तुमच्या प्रमाणपत्राची प्रत हवी. विभागात दुसरी काढून मिळते म्हणे. मी आणू?"

"तू नको!" हातातली फ्रेम वाकली. "म्हणजे... मीच जातो. जुन्या गुरुजनांची भेट होईल."

जुने गुरुजन केव्हाच निवृत्त झाले होते. खुर्चीत होत्या नव्या विभागप्रमुख बाई. त्यांनी आयुष्यभर नाटक हा विषय शिकवला होता आणि नाट्यगृहाची पायरी शक्यतो चढल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, नट मध्येमध्ये येतात आणि संहिता नीट वाचता येत नाही. बाई माणसाच्या तोंडाकडेही फारसं पाहत नसत, त्याच्या अर्जाकडे पाहत.

"नाटक अपूर्ण," अर्जाला त्या म्हणाल्या.

"इतक्या वर्षांत तो नियम रद्द झाला असेल ना, मॅडम?"

"इथे विद्यार्थी रद्द होतात. नियम नाही."

"मग निबंध लिहून देतो."

"निबंधाची मुदत संपली. नाटकाच्या नियमात मुदत घालायला समिती विसरली, म्हणून तुम्ही अजून आहात. यंदाच्या नाटकात भूमिका करा. मात्र इंग्रजीतून लक्षणीय भाषण हवं."

"लक्षणीय म्हणजे साधारण किती?"

"तेवढी व्याख्या राहिलीय. समिती नेमलीय."

घरी येऊन त्यांनी मुलीला सांगितलं, विभागाने फार गळ घातली, अनुभवी माणूस हवा म्हणाले.

"कसला अनुभव, बाबा?"

"आमच्या वेळी मी सैनिक होतो." बसथांब्यापर्यंत हे खरंच होतं.

तिने त्यांना उरलेलं एकमेव काम दिलं, बटलरचं. नाटक एका परदेशी सरदाराच्या वाड्यात घडत होतं. नायिका तीन अंक खोकते आणि शेवटी मरते. ती मरायच्या थोडं आधी बटलरने आत येऊन सांगायचं, "द डॉक्टर हॅज अराइव्ह्ड, माय लॉर्ड," आणि चालू लागायचं.

"एवढंच?" प्रोफेसरांचा चेहरा पडला. "डॉक्टर आला कुठून, कसा, काही नाही?"

"बटलर आहे तो, बाबा. बातमीदार नाही."

तालमीत त्यांनी प्रयत्न सोडला नाही. कधी डॉक्टरांच्या आधी हवामान यायचं, कधी नंतर. दर वेळी मुलगी टाळी वाजवून थांबवायची. "पुन्हा दारातून या. नुसता डॉक्टर आणा. सोबत काही आणू नका!"

प्रयोगाची संध्याकाळ आली. खोटी मिशी, पांढरे हातमोजे, हातात रिकामं तबक. विंगेत त्यांच्या पायांना ते मागचं दार अगदी स्पष्ट आठवलं. पण आता दाराशी मुलगी उभी होती, तिच्या समोरून पळायचं तरी कसं? ते रंगमंचावर गेले आणि वाक्य बोलले. स्वच्छ, खणखणीत. बाहेर पडायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात त्यांना पहिल्या रांगेतले परीक्षक दिसले. विभागप्रमुख बाई मांडीवरच्या संहितेत पेन्सिल फिरवत होत्या. त्यांच्या शेजारचे सदस्य बाईंकडे पाहून मान डोलवत होते. आणि तिसरे, सगळ्यांत ज्येष्ठ, गाढ झोपले होते. लक्षणीय भाषण झालं, आणि ज्यांना ते कळायचं त्यांच्यातला एक घोरतोय! पदवी हातातून निसटत होती. प्रोफेसरांनी तबक छातीशी धरलं आणि तोंड उघडलं.

त्या क्षणी अभ्यासक्रमातलं सगळं वाङ्मय डोक्यातून पळालं. आत उरले होते ते फक्त अर्ज.

"माय लॉर्ड! विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट..." आणि मग इंग्रजीचा नळ सुटला. डॉक्टर अतिशय गरजू आणि होतकरू असल्याचं त्यांनी सांगितलं. रस्त्याच्या दुरवस्थेमुळे गाडीचं चाक मोडल्याचं सांगितलं. घोडा हा घरातला एकमेव कमावता असून त्याच्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार व्हावा, अशी विनंती केली. सरदार झालेला मुलगा दोनदा खाकरला, तिसऱ्यांदा "दॅट विल डू" म्हणाला. बटलरने त्याचीही पोच दिली. सभागृह आधी गोंधळलं, मग फुटलं. नायिकेच्या अंगावरची चादर गदगदा हलत होती आणि तो खोकला नव्हता. झोपलेले परीक्षक जागे होऊन पुढे सरकून बसले. "थँकिंग यू इन अँटिसिपेशन," असं म्हणून बटलर कमरेत वाकला, आणि जी टाळी पडली, ती टाळी! ती ऐकून भल्याभल्यांची घरंदारं सुटली आहेत. हे तर साधे चष्मेवाले. आत गेलेले पुन्हा बाहेर आले आणि आणखी एकदा वाकून गेले.

यानंतर नायिका मेली. लोकांनी तिलाही हसून घेतलं.

विंगेत मुलगी संहिता हातात घेऊन उभी होती. चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, हे नाटक म्हणजे माझी परीक्षा होती."

त्यांना माहीत होतं. गेले दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. पण स्वतःच्या भीतीने पछाडलेल्या माणसाला दुसऱ्याची परीक्षा दिसत नाही, आणि हे तर लोकांना दिसावं म्हणून दुकान मांडून बसलेले गृहस्थ.

पडदा पडल्यावर परीक्षक रंगपटात आले. विभागप्रमुख बाईंनी संहिता पुढे धरली.

"बटलरचं हे भाषण यात नाही. दिग्दर्शिकेने घातलं असेल तर संहितेत ढवळाढवळ. नटाने घातलं असेल तर दिग्दर्शिकेचा वचक नाही. दोन्हीकडून नापास."

"दोन्हीकडून," शेजारचे सदस्य म्हणाले.

"मला आवडलं," ज्येष्ठ परीक्षक म्हणाले. "घोड्याचं पुढे काय झालं?"

मुलीने ओठ घट्ट मिटले, लहानपणी इंजेक्शन घेताना मिटायची तसे. बाईंनी पेन उघडलं. मिशीआडच्या माणसाला त्यांनी ओळखलं नव्हतं. प्रोफेसर गप्प राहिले असते तर मागचं दार आजही उघडंच होतं.

त्यांनी मिशी ओढून काढली. गोंद पक्का होता, डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, मी हिचा नट नाही. मी तुमचा उमेदवार आहे. ते अपूर्ण नाटकवालं प्रकरण माझं. माझी परीक्षा वेगळी, हिची वेगळी. माझा गोंधळ माझ्या नावावर मांडा."

"उमेदवार?" मुलीने विचारलं. "कसले उमेदवार?"

इंग्रजीत यासाठी बरीच भारदस्त वाक्यं होती. त्यांना एकही सुचलं नाही.

"मी पदवीधर नाही गं. प्रयोगाच्या दिवशी पळून गेलो होतो. प्रमाणपत्र हरवलं नाही, ते कधी नव्हतंच."

विभागप्रमुख बाई नियमपुस्तिकेची पानं उलटू लागल्या. नियमात अडकलेल्या माणसापेक्षा नियमातली पळवाट त्यांना जास्त जवळची वाटे. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एका उमेदवाराचा दोष दुसऱ्याला लावता येत नाही. दिग्दर्शिका पास. आणि तुमचं संहितेबाहेरचं बोलणं धरता येणार नाही. संहितेतलं एक वाक्य लक्षणीय नाही. अपूर्ण."

"अपूर्ण," शेजारचे सदस्य म्हणाले.

घरी जाताना मुलगी पुढे आणि ते चार पावलं मागे. कोपऱ्यावर ती थांबली.

"माझ्या निबंधांवर आजवर लाल रेघा मारत आलात, त्या कुठल्या अधिकारात?"

"बापाच्या."

"त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या." ती पुन्हा चालू लागली, पण आता जरा हळू. "आईला तुम्ही सांगायचं. मी मध्ये पडणार नाही. आणि अर्जासारखं नाही, नीट सांगा."

त्यांनी सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवस त्यांच्याशी मूळ इंग्रजीत बोलली, म्हणजे अजिबात बोलली नाही.

पदवीदानाच्या दिवशी सत्काराच्या रांगेत त्यांच्या घराचं नाव नव्हतं. प्रोफेसर बायकोशेजारी मागच्या खुर्च्यांवर बसले होते. बाजूचे गृहस्थ गप्पिष्ट निघाले.

"तुम्हीही याच विभागाचे?"

"याच."

"कुठल्या सालचे?"

बायको समोर बघत राहिली. तिने कान मात्र इकडे दिला होता.

"माझं राहिलंय अजून," प्रोफेसर म्हणाले. "नाटक राहिलंय."

"अहो, मग आता या वयात सोडून द्या की!"

तेवढ्यात मुलीचं नाव पुकारलं गेलं. प्रोफेसर उठून उभे राहिले आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवू लागले.

"सोडू कसं?" टाळ्यांच्या वरून ते त्या गृहस्थांना ओरडून म्हणाले. "टाळी मिळाली ना हो एकदा!"

"अहो, बसा खाली," बायको म्हणाली. "मागच्यांना ती दिसत नाहीये."