फाट्यावर थांबवलेला जवान

‘किती मारले, हवालदार?’ असं कुणी विचारलं, की किसनराव हातातला चहा तसाच टाकून उठायचे. चेहरा असा, जणू कपात माशी पडली होती.

धर्मापुरीत माझं किराणा दुकान आणि ते समोरच्या गल्लीतले. एकाहत्तरच्या लढाईत पायदळात होते. रांगत जाऊन शत्रूचा मशीनगनचा बंकर त्यांनी एकट्यानं उडवला, म्हणून शौर्यपदक मिळालं. गावाला ठाऊक ते एवढंच. माझे वडील वारले तेव्हा किसनराव माझ्याजवळ बसून एकदाच बोलले, ‘‘आत गेलो तर समदी पोरंच व्हती. एकाला मिशीबी फुटली न्हवती. आतल्या जळक्या वासानं मला कितीतरी दिवस भाकर गेली न्हाई. आन लोक म्हंत्यात, पराक्रम सांगा!’’

कारगिलच्या वेळी गावात केबल नवीन होती. दुकानातल्या टीव्हीवर तोफ धडाडली, की बाप्ये मॅच असल्यासारख्या शिट्ट्या मारायचे. किसनराव ते बघून बाहेर जाऊन थुंकले. ‘‘काहून नाचायलेत बे? तिथं कुणाचं तरी आतडं बाहेर पडलंय.’’

त्याच लढाईत शेजारच्या वस्तीवरचा बालाजी पडला. त्याची शवपेटी घेऊन लष्कराचा ट्रक आला, तर फाट्यावर पुढाऱ्याच्या माणसांनी कमान उभारलेली. कमानीवर पुढाऱ्याचा फोटो दरवाजाएवढा, बालाजीचा हाताच्या पंजाएवढा. पुढारीसाहेब अजून बीडहून निघायचे होते, म्हणून ट्रक थांबवला. किसनरावांना छातीवर पदक लावायला सांगून मंचावर बसवलं होतं.

ऊन चढलं. बर्फ वितळून पेटीखालून पाणी ठिबकू लागलं, त्यावर माशा बसल्या. मंचावर मात्र थंड बाटल्या फिरत होत्या. किसनरावांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि ते उतरले.

एक कार्यकर्ता आडवा आला. ‘‘मामा, जरा दम धरा की. साहेबांला हार घालू द्या.’’

‘‘त्याची माय दारात उभी हाय. आन तुमी हारासाठी लेकराला नासवायलेत?’’

‘‘तुमचाबी फोटो येणार हाय पेपरात, साहेबांच्या शेजारी.’’

किसनराव कमानीच्या खांबाला धरून ओकले. खरोखर ओकले, सगळ्यांसमोर. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून ट्रकजवळ गेले, पेटीला कडक सलाम केला आणि सोबतच्या सुभेदाराला म्हणाले, ‘‘साब, बच्चे को घर ले चलो.’’

सुभेदारानं त्यांच्या छातीकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला खूण केली. किसनराव दोन्ही हातांनी गर्दी बाजूला सारत पुढं चालले. मी त्यांच्या मागं होतो. वस्तीवर त्या माउलीनं पेटीवर डोकं टेकलं, तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढारी आला तोवर चिता विझत आली होती. त्यानं राखेशेजारी हार ठेवला, फोटो काढून घेतला. कार्यकर्त्यांनी गावभर उठवलं, हवालदार पिऊन आला होता. ज्यांनी त्यांना कधी दारूला शिवताना पाहिलं नव्हतं, तेसुद्धा माना डोलवू लागले. त्या माना आठवल्या की मला आजही किळस येते. किसनरावांनी एकदाही खुलासा केला नाही.

पुढं दोनेक वर्षांनी ते तापानं गेले. जाताना बायकोला बजावलं होतं, ‘‘आधी जाळा, मंग सांगा.’’ रुक्मिणकाकूंनी फक्त गल्लीला हाक मारली. सकाळीच आम्ही त्यांना नेलं.

दुपारी पुष्पचक्र घेऊन पुढाऱ्याच्या माणसांच्या दोन जीपगाड्या दारात आल्या. ‘‘पार्थिव कुठंय?’’

काकू अंगण झाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘मोकळे झाले ते. गाड्या काढा, मला झाडायचं हाय.’’