खुर्ची वर गेली तेव्हा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर गप्पच बसलो असतो.

नववीत शाळा सोडलेला माणूस मी. इकडे अबूधाबीत साउंडच्या कामावर मला आणलं ते आमच्या देवरूखच्या विलासदादानं. केबल गुंडाळायला त्यानं शिकवलं, हाताला धरून मिक्सरवर बसवलं. आज दोन घास खातोय ते त्याच्यामुळे. हे आधीच लिहून ठेवतो — पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

त्या संध्याकाळी काम दुबईला होतं, मरीनाच्या एका हॉटेलात — ज्यू लोकांचं लग्न. त्यांची हल्लीची गाणी ऐकलीयत कधी? सूर जुना, प्रार्थनेसारखा — आणि खाली क्लबातला धडधडता बीट. आवाज चढत चढत जातो, क्षणभर सगळं थांबतं, मग बास असा आदळतो की बरगड्या हलतात. मला वेड होतं त्याचं. एरवीच्या पार्टीत नेमक्या त्या क्षणी मी बटण दाबायचो आणि स्टेजच्या कडेनं थंड गॅसचे पांढरे फवारे उडायचे. पण यांच्यात त्याच क्षणी मित्रमंडळी नवरदेवाला खुर्चीसकट उचलतात आणि गोल फिरत नाचतात. दादानं बजावलं होतं, "संत्या, गाण्याकडे नको, खुर्चीकडे बघ. खुर्ची कडेला आली की बटणाला हात नाही लावायचा."

माझे डोळे मिटलेले होते. बास आदळला. मी दाबलं.

फवारा खुर्ची धरणाऱ्या एकाच्या तोंडावर गेला. त्यानं हात सोडले. नवरदेव खाली, खुर्चीचा पाय नवरीच्या बापाच्या तोंडावर — दात, रक्त, पांढरा शर्ट लाल. दादा धावत मिक्सरपाशी आला, गॅस बंद करायला त्यानं बटणावर हात घातला — आणि तेवढ्यात आमच्या कंपनीचा सुपरवायझर पोचला.

"किसने दबाया?"

मी दादाकडे बोट दाखवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही, तेही कमी नव्हतं.

नवरीचा बाप तोंडाला नॅपकिन लावून हात हलवत होता — यल्ला, यल्ला, वाजवा! गाणं पुन्हा सुरू झालं. इकडे मागं, सामान उतरवतात तिथं, सुपरवायझरनं दादाला भिंतीवर आपटलं. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "संत्या, सांग ना रे त्यांना." शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचीच भीती वाटली मला. आता हा सांगणार. माझा व्हिसा जाणार. मी लोखंडी माइक स्टँड उचलला आणि घातला — डाव्या कानावर. तो खाली बसला. "खोटं बोलतोस? माझ्यावर ढकलतोस?" असं मीच ओरडत होतो. भिंतीपलीकडून बास येत होता, आणि — हे सांगू की नको? — दुसरा फटका मी त्या ठेक्यावर मारला.

शेवटी सुपरवायझरनंच मला मागं ओढलं. "खलास! मर जाएगा वो!"

दादाला गावी पाठवून दिलं. डावा कान गेला तो गेलाच. कानावर पोट असलेला माणूस. त्याच्या मिक्सरवर आता मी बसतो.

गावात त्यानं सांगितलंय की जवळचा स्पीकर फुटला. परवा आई फोनवर म्हणाली, "विलास येऊन बसला होता. तुझी चौकशी करत होता रे. तू तरी कानात कापूस घालत जा, बाबा."

"घालतो," मी म्हटलं.